मायक्रॉनकाकांचा तराजू

आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात, केशराच्या डबीशेजारी, एक तराजू आहे. तो मुळात काडतुसांत भरायची पावडर तोलण्यासाठी बनवलेला. ग्रॅमच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी त्याचा काटा हलतो. बायको त्यावर श्रीखंडाचं केशर तोलते, आणि गेल्या दोन वर्षांत आमच्या श्रीखंडाचा रंग एकदाही चुकलेला नाही. पाहुणे विचारतात, हा कुठून आणलात. मी म्हणतो, एका गृहस्थांनी पुण्याला परत जाताना दिला. पण एवढ्यावर भागत नाही, कारण हा तराजू निवडायला त्या गृहस्थांना चौदा महिने लागले होते.

त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते पुण्याहून फोन करून शुद्धलेखन तपासतील. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या मराठी मंडळींत त्यांना मायक्रॉनकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर नुसतं काका. पुण्यात एका कारखान्याच्या मोजमाप विभागात त्यांची उमेदवारी झाली, चाळिशीत ते इथे आले, आणि निवृत्त होईपर्यंत यंत्रांचे सुटे भाग ठरल्या मापाचे आहेत की नाहीत हेच बघत राहिले. मी एका गोदामात साठा मोजायचं काम बघतो. त्यामुळे आमचं जमलं. इतरांना ते कंटाळवाणे वाटत. मला त्यांच्याजवळ बसलं की बरं वाटे, जसं काहींना भजनाला बसून वाटतं.

"साधारण" हा शब्द त्यांना सहन होत नसे. गणपतीच्या बैठकीत कोणी म्हटलं, "साधारण साठ माणसं होतील," की काका पेन खाली ठेवत.

"साधारण म्हणजे किती? एकोणसाठ की एकसष्ट? माणशी दोन मोदक धरले तर चार मोदकांचा फरक पडतो."

"काका, चार मोदक उरले तर उरले."

"आणि कमी पडले तर? ते चार जण कोण, हे आत्ताच ठरवून टाकू."

माझी मुलगी मराठी समजते, उत्तर मात्र डचमध्ये देते. तिला वाटलं, डचमधला "साधारण" त्यांच्याकडे चालेल. चालला नाही.

सुपरमार्केटमध्ये कांदे तोलायच्या आधी ते खिशातलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन काट्यावर ठेवून बघत. एकदा काटा दोन ग्रॅम जास्त दाखवत होता. त्यांनी तिथल्या बाईंना तसं सांगितलं. बाईंनी शांतपणे एक कांदा उचलून त्यांच्या पिशवीत टाकला. काका घरी आले ते नाराज होऊन. "दोन ग्रॅमची चूक सांगितली, तिने नव्वद ग्रॅमचा कांदा दिला. एकीवर दुसरी चूक."

गुडघा दुखायला लागला तेव्हा हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरने, विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय. काका म्हणाले, साडेसहा. ती म्हणाली, सहा लिहू की सात. काका म्हणाले, "मग पट्टी बदला." त्यानंतर त्यांनी डॉक्टरकडे जाणंच सोडून दिलं. जी व्यक्ती अर्धा लिहीत नाही तिच्याकडे कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं.

काकू त्यांच्या अगदी उलट होत्या. त्यांचा सगळा स्वयंपाक डोळ्यांच्या मापाने. एक गोष्ट मात्र मी काही काळापासून टिपत होतो. चहा आला की मला आणि माझ्या बायकोला कप काठोकाठ भरलेला असे आणि काकांना पाऊण. दर वेळी पाऊणच. साखरेमुळे असेल, असं मी धरून चाललो. मोजायची सवय असली तरी मोजलेल्याचा अर्थ लावायची सवय असतेच असं नाही.

काकांनी कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती. पन्नाशीत ते ब्रेडाजवळच्या नेमबाजी क्लबचे सभासद झाले. परवाना, भिंतीला बोल्टने बसवलेली तिजोरी, पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. दर रविवारी सकाळी ते क्लबात जात. मी कधीमधी सोबत जाई आणि काचेमागे कॉफी घेऊन बसे. पंचवीस मीटरवरच्या कागदावर ते दहा गोळ्या मारत. मग सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर कॅलिपरने मोजून वहीत लिहीत. वर्षानुवर्षं तो आकडा ऐंशी मिलिमीटरच्या आसपास होता. ("आसपास" माझा शब्द. त्यांनी सरासरी काढून ठेवली होती.) मग तो वाढायला लागला. नव्वद. एकशे दहा. एकशे चाळीस.

क्लबात एक निवृत्त डच ट्रकचालक होता. तो तीस वर्षं घरच्या घरी काडतुसं भरत आलेला. त्याने एका रविवारी काकांचा कागद उजेडात धरला आणि म्हणाला, "हात."

डच माणसं चांगली असतात, पण उंबरठ्यावर थांबत नाहीत, सरळ आत येतात.

काका म्हणाले, "आधी साधन तपासायचं, मग माणूस. मी आयुष्यभर हेच केलं. माणसावर ढकलणं सोपं असतं."

त्यांनी दुकानातून आणलेली पन्नास काडतुसं एकेक करून तोलली. कुठलीही दोन अगदी सारखी निघाली नाहीत. त्या दिवशी ते फार खुशीत होते. संध्याकाळी आम्हाला जेवायला बोलावलं आणि भाताआधीच जाहीर केलं: "मी स्वतः भरणार. पन्नास, एकसारखी. ती वापरूनही गोळ्या फाकल्या तर दोष हाताचा. मग परवाना मी स्वतः पोलिसांकडे नेऊन देईन."

"आणि डॉक्टरकडे?" काकू वरण वाढता वाढता म्हणाल्या.

"मग डॉक्टरकडे."

"तुम्ही ऐकलंत ना?" काकू मला म्हणाल्या. "लिहून ठेवा."

मी खरंच लिहून ठेवलं.

काडतूस घरी भरणं म्हणजे वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, पावडर तोलून घालायची आणि वर प्रेसने गोळी दाबायची. या देशात त्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते. ट्रकचालकाला विचारलं, सुरुवातीला काय काय घ्यावं. तो म्हणाला, "एक साधा प्रेस, एक तराजू, एक कॅलिपर, एक पुस्तक. पुस्तकात लिहिलंय तेवढंच घाल, स्वतःची अक्कल घालू नको. शनिवारी सुरुवात कर."

कुठल्या शनिवारी, हे त्याने सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. त्यांनी खुलासा न मागता स्वीकारलेली ही मला माहीत असलेली एकमेव मोघम गोष्ट.

आधी त्यांनी तक्ता केला. एकतीस रकाने. चौदावा रकाना होता, "दांड्याची मूठ: लाकूड / प्लास्टिक / गोळा." मी सुचवलं, दुकानात सुरुवातीचा तयार संच मिळतो, सगळं एका खोक्यात.

"संचात एक वस्तू चांगली असते," काका म्हणाले. "बाकीच्या तिच्या जिवावर सहलीला आलेल्या असतात."

प्रेस दोन प्रकारचे. एकात दांडा ओढला की एका काडतुसाचं एकच काम होतं. दुसऱ्यात प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार होऊन बाहेर पडतं. काका सहा आठवडे दोन्हींचा विचार करत होते. शेवटी काकूंनी विचारलं, "लग्नाच्या पंगतीच्या पोळ्या लाटायच्यात का तुम्हाला?"

"नाही."

"मग एका वेळी एक लाटा."

प्रेस त्या दिवशी ठरला. तो घरामागच्या शेडमधल्या बाकाला बसवायचा, तर बाक हलतो का हे बघायला हवं. पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी बाकावर ठेवून ते तासभर तिच्याकडे बघत बसले. शेजारच्या डच बाईंनी कुंपणावरून काकूंना विचारलं, यजमान बरे आहेत ना. काकू म्हणाल्या, निवृत्त झालेत. एवढं पुरलं.

मग तराजू. इलेक्ट्रॉनिक की काट्याचा. इलेक्ट्रॉनिक आणला, तर शेडमधला हीटर लावला की आकडा सरकायचा. परत केला. दुसरा आणला, तो हीटर बंद असतानाही सरकायचा. परत केला. काट्याचा एक आणला, त्याचं टोक त्यांना बोथट वाटलं. दुकानदार पहिल्या खेपेला त्यांच्याशी वाद घालत होता, दुसऱ्या खेपेला त्यांना कॉफी द्यायला लागला, आणि चौथ्या खेपेला म्हणाला, "तुम्हाला इथे नोकरी हवी आहे का?"

या काळात काका दोनदा त्या ट्रकचालकाच्या घरी जाऊन आले. त्याच्या प्रेसवर कॉफीचा मग अडकवलेला होता आणि तराजूच्या पायाखाली घडी घातलेलं पुठ्ठ्याचं खोकं. काकांना ते फार लागलं. "त्याचा तराजू गंजलाय," ते मला गाडीत म्हणाले, "आणि त्याच्या गोळ्या पन्नास मिलिमीटरमध्ये पडतात. हे बरोबर नाही."

चौदाव्या महिन्यात तराजू मिळाला. तोच, जो आता आमच्याकडे आहे. काकांनी परवान्यावरच्या नोंदीसाठी अर्ज केला. घर आणि साठवणीची जागा बघायला पोलीस येणार होते. पत्रात दिवस दिला होता. काकूंनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "दसरा."

आम्हाला त्या दिवशी जेवायचं आमंत्रण होतंच. आम्ही अकराला पोचलो तेव्हा वाद चालू होता. काकूंचं म्हणणं, घरात शस्त्र आहे तर त्याची पूजा व्हायला हवी.

"तिजोरीतून बाहेर काढायचं ते साफ करायला किंवा क्लबला न्यायला," काका म्हणाले. "पूजा त्यात बसत नाही."

"वर्षभर अंधारात ठेवता. आजच्या दिवशीही?"

"आज तर मुळीच नाही. पोलीस येतायत. कायद्यात पूजेचा रकाना नाही."

अखेर तिजोरीच्या दाराची पूजा करायची असं ठरलं. काकूंनी गार्डन सेंटरमधून झेंडूच्या दोन कुंड्या आणल्या होत्या, त्यातली फुलं तोडून हार केला आणि तिजोरीच्या मुठीला घातला. शेडमध्ये बाकावर सगळी अवजारं मांडली होती: प्रेस, कॅलिपर, पुस्तक, तराजू. काका हार सरळ आहे का बघत असताना काकूंनी शेडमधलं उरकून घेतलं. तेवढ्यात बेल वाजली.

पोलीस बाई तरुण, उंच, हातात टॅबलेट. तिजोरी बघितली. मुठीवरचा हार बोटाने बाजूला सरकवला. आत पिस्तूल जागेवर, काडतुसं वेगळ्या कुलपात, आकडे वहीशी जुळतात. मग त्या शेडमध्ये आल्या. बाकाजवळ थांबल्या. वाकल्या.

"हे काय आहे?"

तराजूच्या पारड्यात लाल भुकटीची चिमूट होती.

इथे वाचकांना सांगायला हवं की परवानगी मिळण्याआधी घरात पावडर आढळली असती तर अर्ज तिथेच संपला असता, आणि कदाचित परवानाही. काकांचा चेहरा पांढरा पडला. पण ते पोलिसांमुळे नव्हे, हे त्यांच्या पुढच्या वाक्यावरून कळलं. ते मराठीत होतं.

"अगं, तू पारड्यात कुंकू घातलंस?"

"पूजा आहे ना ती."

"प्रेसला लाव. पुस्तकाला लाव. मला लाव. पारड्यात?"

"प्रेसला लावलं. पुस्तकालाही लावलं. एकट्या तराजूला का वगळू? त्यानेच तर चौदा महिने तुम्हाला घराबाहेर ठेवलं."

पोलीस बाईंनी माझ्याकडे बघितलं. "ते कशावरून भांडतायत?"

मी खोटं भाषांतर करत नाही. मी सांगितलं की ही हळदीपासून केलेली धार्मिक भुकटी आहे, आज अवजारांना मान देण्याचा सण आहे, आणि यांचं म्हणणं असं की त्यांचा तराजू आता जड झाला आहे.

काकूंनी पारड्यातलं थोडं कुंकू बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळावर टेकवलं, म्हणजे शंका राहायला नको.

बाई म्हणाल्या, "किती जड?"

हा प्रश्न त्या गंमतीने विचारत होत्या की कामाचा भाग म्हणून, मला आजतागायत कळलेलं नाही. काकांना मात्र आमच्या अकरा वर्षांच्या ओळखीत कोणी इतका योग्य प्रश्न विचारलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी काटा स्थिर होऊ दिला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "तीन शतांश ग्रॅम." मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "बायकोने उचललेलं सोडून."

बाईंनी टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही यांना ओळखता. हे कधी अविचाराने काही करतात का?"

"हा तराजू निवडायला त्यांना चौदा महिने लागले," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी तेही लिहिलं. जाताना काकूंनी त्यांना आपट्याच्या पानाऐवजी दुसरं कुठलंतरी पान दिलं आणि त्याला सोनं म्हणतात असं सांगितलं. भेटवस्तू घेता येत नाही, असं म्हणून त्यांनी ते बाकावर ठेवलं.

तीन आठवड्यांनी नोंद झालेला परवाना आला. आता सगळं होतं. पण काका सुरुवात करेनात. आधी पारडं अल्कोहोलने पुसून पुन्हा तपासायला हवं. मग पुंगळ्या उभ्या करायला भोकं पाडलेला ठोकळा हवा, तो लाकडी घ्यावा की प्लास्टिकचा. लाकूड दमट हवेत फुगतं. प्लास्टिकवर स्थिर वीज साचते. हिवाळा गेला.

मार्चमध्ये मी विचारलं, "काका, आता नेमकं काय निवडायचं राहिलंय?"

ते शेडमध्ये स्टुलावर बसले होते. उजवा हात त्यांनी मांडीखाली धरला होता, थंडीत माणसं धरतात तसा. पण हीटर चालू होता.

"तुमच्या लक्षात येतंय का," ते म्हणाले, "सगळी काडतुसं एकसारखी झाली की दोष द्यायला दुसरं काही राहत नाही."

 मग ते स्वतःच म्हणाले, "लाकडीच घेऊ."

पन्नास काडतुसं भरायला त्यांना चार दिवस लागले. शेडच्या दारावर कागद लावला होता: "आत बोलू नये." काकू चहा दाराशी ठेवून परत येत. तीन काडतुसं काकांनी नापास केली आणि कारणासकट वहीत नोंदवली.

रविवारी आम्ही क्लबात गेलो. भरवसा स्वतःवरही नको, म्हणून त्यांनी ट्रकचालकाला दहा दुकानातली आणि दहा घरची काडतुसं दोन सारख्या डब्यांत भरायला सांगितली. कुठल्या डब्यात काय, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ते दोन कागदांवर दहा-दहा गोळ्या हळूहळू मारून आले आणि पहिल्यांदाच स्वतःचा कॅलिपर माझ्या हातात दिला.

"तुम्ही मोजा."

मी तीनदा मोजलं. पहिला कागद एकशे त्रेपन्न. दुसरा एकशे पन्नास. दोनदा मोजून झाल्यावर कोणता कुठला, हे ट्रकचालकाने सांगितलं: पहिली दुकानातली, दुसरी घरची. मी कबूल करतो, तिसऱ्यांदा मोजताना माझ्या मनात आलं की भोकाच्या कडेला कॅलिपर थोडा आत धरला तर दुसरा आकडा एकशे चाळीस सहज होईल. कोणाला कळलं नसतं. पण तो कॅलिपर त्यांचा होता, आणि आकडा विचारणारेही तेच होते.

"तीन मिलिमीटरचा फरक," मी म्हणालो.

"कागद फाटतो, त्यात दोन जातात," काका म्हणाले. "उरला एक. म्हणजे काही नाही." त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवले. "काडतुसं मात्र चांगली होती."

"काडतुसं उत्तम होती, काका."

 ट्रकचालकाने काकांची पिशवी उचलून गाडीपर्यंत आणली, आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभा राहिला.

घरी काकूंनी दार उघडलं, आमच्या तोंडाकडे बघितलं आणि सरळ चहा टाकला. काका टेबलाशी बसले. "उद्या परवाना नेऊन देतो," ते म्हणाले. "आणि त्या डॉक्टरबाईंकडे वेळ घे. सहा म्हणाल्या तर सहा."

काकूंनी कप मांडले. माझा भरला, स्वतःचा भरला, काकांचा पाऊण भरून किटली वर घेतली.

काका कपाकडे बघत राहिले. "हे कधीपासून?"

"काय?"

"पाऊण."

काकू किटली हातात धरून उभ्या होत्या. "दोन वर्षं झाली. त्याआधी सांडायचा."

म्हणजे आकडा काकूंकडे आधीपासून होता. एकतीस रकाने, चौदा महिने आणि पन्नास काडतुसं न करता. मीही तो दर भेटीत टिपला होता आणि त्याचं काही केलं नव्हतं.

"आज पूर्ण भर," काका म्हणाले.

"सांडेल."

"सांडू दे. बशी आहे."

काकूंनी कप काठोकाठ भरला. काकांनी तो उजव्या हातानेच उचलला, मांडीखाली न लपवता, सावकाश. सांडायचा तेवढा सांडला. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि बशी तिरपी करून तिच्यातला चहा नीट बघितला. मी सवयीने वाट बघत होतो, ते आता तराजू आणायला उठतील.

"साधारण चमचाभर," ते म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.